मंजुरी कोणाची, खर्च कोणाचा?

व्यावसायिकांच्या कोणत्याही संघटनेचे इतिवृत्त चाळून पाहावे. संघटना वकिलांची असो, अभियंत्यांची असो वा आम्हा प्राध्यापकांची असो, निम्मी पाने परिसंवाद, कार्यशाळा आणि वार्षिक अधिवेशन यांनीच व्यापलेली आढळतील. कार्यकारिणीपुढे प्रस्ताव येतो, सूचक व अनुमोदक मिळतात आणि ठराव एकमताने संमत होतो. चर्चा रंगते ती तारीख, सभागृह व प्रमुख पाहुणे यांवर. (भोजनातील गोड पदार्थाविषयी तर तीव्र मतभेद संभवतात.) खर्च कोण करणार, हा प्रश्न मात्र पुष्कळदा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात, मंडळी घड्याळाकडे पाहू लागल्यावर निघतो.

संघटना कार्यक्रम का करतात, याचे एक मार्मिक उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये आपल्या सामूहिक कृतीविषयक ग्रंथात दिले. संघटनेने व्यवसायासाठी मिळविलेले लाभ वर्गणी न भरणाऱ्यालाही मिळतात. मग वर्गणी भरावी कोणी? म्हणून केवळ सभासदालाच मिळेल असे काही द्यावे लागते. नियतकालिके व अधिवेशने यांचे स्थान ओल्सन यांनी अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेच्या उदाहरणाने दाखविले आहे. अर्थात, कार्यक्रम हा संघटनेचा अलंकार नव्हे. तिच्या अस्तित्वाचे ते एक साधनच होय.

आपल्याकडील डॉक्टरांच्या संघटनांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. वैद्यकीय व्यावसायिकाने दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर शिक्षण घ्यावे, असे २००२ च्या आचारसंहितेत सांगितले आहे. म्हणजे व्याख्यानाला जाणे ही आवडीची बाब राहिली नाही. कार्यक्रमाला राज्य वैद्यक परिषदेची मान्यता असेल, तरच त्याचे गुण पदरी पडतात. मागणी अशी निश्चित झाल्यावर पुरवठा वाढणारच. प्रश्न किमतीचा आहे.

समजा, दोनशे सभासदांच्या परिषदेस चार लाख रुपये लागतात. माणशी दोन हजार शुल्क ठेवले तर हिशेब मिटतो. पण पदाधिकाऱ्यांना पुन्हा निवडून यायचे असते, तेव्हा शुल्क पाचशेच ठेवले जाते. उरलेले तीन लाख औषध कंपन्यांच्या दालनांतून व स्मरणिकेतील जाहिरातींतून उभे राहतात. येथपर्यंत कोणाला काही गैर वाटत नाही. परंतु तीन लाख देणाऱ्याला व्याख्यानाचा विषय व वक्ता यांविषयी काहीच म्हणायचे नसते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ठराव कार्यकारिणीच्या वहीत लिहिला जातो, विषयपत्रिका अन्यत्र ठरते. शिवाय, कंपनीचा हा खर्च तिच्या ताळेबंदातच थांबत नाही. औषध निवडतो डॉक्टर आणि पैसे मोजतो रुग्ण. सभागृहात ज्याला आमंत्रण नव्हते तोच अखेर त्या भोजनाचे पैसे भरतो.

कायद्याने याबाबत बरीच चलबिचल दाखविली आहे. डिसेंबर २००९ मध्ये डॉक्टर आणि त्यांच्या संघटना या दोहोंवर कंपन्यांकडून भेटी, प्रवास व आतिथ्य स्वीकारण्याबाबत निर्बंध घातले गेले. २०१६ मध्ये त्यातून संघटना वगळण्यात आल्या, म्हणजे जे एकट्याने घेता येत नाही ते एकत्र येऊन घेण्याची वाट मोकळी राहिली! ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनी-पुरस्कृत परिषदांना डॉक्टरांनी हजर राहू नये असा नियम आला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही झाला. मार्च २०२४ च्या औषध-विपणन संहितेने संघटनांमार्फत अशा कार्यक्रमांस मुभा ठेवली. मात्र परदेशात ते घेण्यास मनाई केली आणि कंपन्यांनी खर्चाचा तपशील प्रसिद्ध करावा असे सांगितले. यातील शेवटची तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

तालुक्याच्या गावी पुरस्कर्त्याशिवाय कार्यक्रम होणेच शक्य नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तो पंचतारांकित उपाहारगृहातील कार्यक्रमालाही तितक्याच सहजपणे लावला जातो. महाविद्यालयाचे किंवा शासकीय रुग्णालयाचे सभागृह, गावातीलच अनुभवी डॉक्टर आणि एका अवघड रुग्णावरील दोन तासांची चर्चा, यासाठी कोणा कंपनीची गरज पडू नये. चहाचा खर्च वर्गणीतून भागतो.

खरी दुरुस्ती मंजुरीच्या क्रमात हवी. आज तारीख व सभागृह आधी ठरते, पैसा नंतर शोधला जातो आणि विषय पैशामागून येतो. सभासदांना काय शिकायचे आहे हे आधी विचारून विषय व वक्ता ठरवावा, मग अंदाजपत्रक करावे, आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेची नोंद दात्याच्या नावासह त्याच ठरावात करावी. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांच्या हिशेबाची तपासणी होतेच. पण हिशेबतपासनीस पावती आहे की नाही हे पाहतो, विषय कोणी सुचविला हे विचारत नाही. ते विचारण्याचा अधिकार सभासदाचा आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब वाचून दाखविला जात असता एकाने जरी तो बजावला, तरी खजिनदारांना कपाटातील कागद बाहेर काढावे लागतील.