आधी दोन दिवस काही नाही

देशातल्या हिमबिबट्यांच्या पहिल्या शास्त्रीय गणनेचे आकडे २०२४च्या जानेवारीत जाहीर झाले. एकूण ७१८; त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. दगडाच्याच रंगाचं हे जनावर उघड्या डोंगरावर शोधून काढतं कोण, हे बघायचं होतं. म्हणून भर हिवाळ्यात हेमिस राष्ट्रीय उद्यान गाठायचं ठरवलं.

लेहला उतरलो तेव्हा आमच्या वाटाड्याचं पहिलंच वाक्य होतं, ‘आधी दोन दिवस काही नाही. झोपा, पाणी प्या.’ सगळे त्याला ‘आचो’, म्हणजे दादा म्हणतात. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच भरतो. सकाळी मुंबईत असलेल्या शरीराला दुपारी हे पेलत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. अशा अवस्थेत आणखी वर चढलं तर जिवावर बेतू शकतं. तरीही आठवड्याच्या रजेत सगळं बसवायला निघालेले लोक नेमके हेच दोन दिवस कापतात. हे सांगताना आचोच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

परवाने आणि कपड्यांची जमवाजमव चटकन उरकते. झिंगचेनपर्यंत गाडी जाते. पुढे गोठलेल्या ओढ्याच्या कडेने रुंबक गावापर्यंत पायी.

आचोचं खरं काम दुर्बिणीमागे चालतं. तिपाई रोवून तो आधी डोंगराची धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघतो, मग तिच्याखालचा पट्टा, मग त्याखालचा. श्वास काचेवर गोठू नये म्हणून तोंड बाजूला वळवून सोडतो. बिबट्याला तो शोधतच नाही. त्याची नजर असते भरलांवर, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्यांवर. चरणारा कळप एकाएकी थबकून एकाच दिशेला बघू लागला, की तो दुर्बीण तिकडे फिरवतो. त्या दुपारी तसंच झालं. मी भिंगाला डोळा लावला, तरी मला नुसते दगडच दिसत होते. मग त्यातल्या एका दगडाची शेपटी हलली.

रात्री गावातल्या एका घरी मुक्काम होता. चुलीजवळ बसून घरधनीण गोठ्याबद्दल सांगत होती. शान, म्हणजे हिमबिबट्या, छपरातून आत उतरला तर एका मेंढीवर थांबत नाही. कोंडलेल्या कळपातली कितीतरी जनावरं एका रात्रीत मारतो. आता गोठ्यावर तारेची जाळी आहे. पाहुण्यांच्या पैशांनी घरखर्चाला हातभार लागतो. ज्याने मेंढ्या मारल्या त्याच्याच पायी पाहुणे येतात, हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं.

बिबट्या दाखवण्याची हमी देणाऱ्या सहलींवर माझा विश्वास नाही. हेमिस सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं आहे. तिथे हमी कुणाची चालत नाही. जायचं असेल तर रजा मोठी काढा. ते दोन दिवस आधी राखून ठेवा आणि मुक्काम गावातल्या घरातच करा. शान दिसो न दिसो, त्याच्या शेजारी राहण्याची किंमत जे मोजतात, त्यांच्या हाती तुमचे पैसे पडले पाहिजेत.