रोझींचा गुन्हा काय होता?

दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम एका पुरुषाने केले, कारण पडद्यावर यायला बाई मिळत नव्हती. ही गोष्ट आपल्याला कौतुकाने सांगितली जाते. पण पुढे त्रावणकोर संस्थानात एक बाई हिमतीने पडद्यावर आली, तेव्हा तिचे काय केले गेले, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही पी. के. रोझी यांच्याविषयी लिहीत आहोत.

रोझींचा जन्म १९०३ चा, त्रिवेंद्रमचा. मूळ नाव राजम्मा. जात पुलया, म्हणजे शेतात राबणारी आणि गावाने अस्पृश्य ठरवलेली. मोलमजुरी करता करता त्या काक्कारिशी नावाच्या लोकनाट्यात काम करू लागल्या. जे. सी. डॅनियल यांनी स्वतःची मालमत्ता विकून 'विगतकुमारन' हा मूकपट काढायला घेतला आणि नायिकेच्या कामासाठी रोझींना निवडले. मल्याळी सिनेमाची पहिली नायिका ही अशी आपल्यातली, कष्टकऱ्याच्या घरातली होती.

भूमिका होती नायर घराण्यातल्या सरोजिनीची. इथेच ठिणगी पडली! ज्या त्रावणकोरात खालच्या ठरवलेल्या जातींच्या बायकांना अंगभर वस्त्र घेण्यासाठी लढावे लागले, जिथे अय्यनकाळींनी १८९३ साली राजरस्त्यावरून बैलगाडी हाकली म्हणून सवर्णांनी हल्ले केले, तिथे पुलयाची लेक नायर स्त्रीचा वेश करून पडद्यावर येते, हे मनुवाद्यांना कसे सोसावे? चित्रपट प्रदर्शित झाला. कोणी १९२८ म्हणतात, कोणी १९३०. त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थिएटरात उद्घाटनाच्या खेळाला खुद्द नायिकेलाच आत बसू दिले नाही, असे सांगतात. नायक तिच्या केसांतले फूल ओठांना लावतो, हे पाहून प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड पडले. पुढे रोझींची झोपडीही पेटवून दिली.

कोणती चोरी केली होती त्यांनी? जात विसरून अभिनय केला, एवढाच गुन्हा!

जीव वाचवून रोझी तमिळ मुलखात गेल्या. एका लॉरीचालकाशी लग्न करून नागरकोइलला संसार थाटला. पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नाहीत. जगायचे तर रोझी हे नाव गाडून टाकणे भाग होते. उरलेले आयुष्य त्यांनी राजम्माळ म्हणून काढले. पोटच्या मुलांनाही आईच्या त्या दिवसांची फारशी माहिती नव्हती, असे म्हणतात. आम्हाला वाटते, झोपडी जाळण्यापेक्षा ही शिक्षा मोठी होती.

डॅनियल यांचेही हाल झाले. ते कर्जात बुडाले आणि १९७५ साली विपन्नावस्थेत वारले. पण त्यांना निदान मरणोत्तर न्याय मिळाला. १९९२ पासून केरळ सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. रोझींच्या वाट्याला मात्र दीर्घ विस्मरण आले. २०१३ च्या 'सेल्युलॉइड' चित्रपटाने त्यांची कहाणी घरोघर पोचवली. २०१९ मध्ये केरळातल्या चित्रपटसृष्टीतील स्त्रियांनी आपल्या फिल्म सोसायटीला त्यांचे नाव दिले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी गूगलनेही आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. पण 'विगतकुमारन'ची एकही प्रत आज उरलेली नाही. रोझींचा अभिनय आता कोणालाच पाहता येणार नाही. शंभर सन्मान केले तरी ही भरपाई होत नाही.

बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यायचे? आपल्या महाराष्ट्रात पवळाबाई हिवरगावकरांचे नाव तरी टिकले. पण तमाशाच्या फडात, आंबेडकरी जलशात, सिनेमाच्या गर्दीत आयुष्य वेचणाऱ्या आपल्या किती माणसांची नोंद कुठे आहे? पुष्कळांनी तर काम मिळावे म्हणून आडनावे बदलली. त्यांची दखल इतर कोणी घेईल, या भ्रमात राहू नये. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली, ती कशासाठी? आपल्या वस्तीत असा एखादा जुना कलावंत असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा, त्याचे बोलणे लिहून घ्या, घरातल्या पेटीतले फोटो जपा. रोझींना आपले नाव लपवून जगावे लागले. निदान आपल्या माणसांची नावे तरी आपण हरवू देऊ नयेत.