थायरॉईड वाढल्याच्या आडवळणी खुणा

वजन उतरणं, धडधड, घाम, हाताला कंप ही थायरॉईड अतिसक्रिय झाल्याची ओळखीची लक्षणं. साठीनंतर मात्र उलटंही घडतं: माणूस गप्प होतो, अन्नावरची वासना उडते, नाडी अनियमित लागते आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. काहींचं नख, बहुधा अनामिकेचं, टोकाकडून सुटू लागतं. काहींना उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठवत नाही. क्वचित, विशेषतः तरुण पुरुषांत, रात्री भरपेट भात-गोड खाल्ल्यावर पहाटे पाय लुळे पडतात. रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असतं. तेव्हा तातडीनं रुग्णालय गाठावं. एरवी टीएसएच, टी-३, टी-४ तपासून निदान होतं. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्यांमुळे आकडे फसवे येऊ शकतात.