वेंघणे

वेंघणे : हातापायांनी आधार धरीत, कष्टाने वर चढणे या अर्थाचे मराठी क्रियापद. ‘वेंगणे’ असेही त्याचे रूप आढळते. ‘वेंग’ म्हणजे कवळ. झाडाच्या खोडाला कवळ घालून वर सरकणारा मनुष्य हे या क्रियेचे ठळक उदाहरण होय. प्रमाण लेखनात हा शब्द आता विरळ झाला असून त्याची जागा ‘चढणे’ या व्यापक क्रियापदाने घेतली आहे.

हेमचंद्राने (बारावे शतक) प्राकृत व्याकरणात आ + रुह् या धातूचे ‘चड’ व ‘वलग्ग’ असे दोन आदेश सांगितले आहेत. पहिल्याशी चढणे, तर दुसऱ्याशी जुन्या मराठीतील वळघणे (चढणे, आरूढ होणे) हे क्रियापद संबद्ध आहे. पुढे वळघणे मागे पडले. विदर्भाच्या बोलीत ‘झाडावर चेंगणे’ असा प्रयोग आढळतो. मात्र त्यात अवघडलेपणाची छटा असतेच असे नाही.

हे शब्द सर्वत्र परस्परांच्या जागी चालत नाहीत. राजा सिंहासनावर आरूढ होतो, गिर्यारोहक शिखरावर आरोहण करतो. पण लोणी देवकरसारख्या इंदापूर तालुक्यातील गावात उसाने भरलेल्या गाडीवर पोर चढते, तेव्हा त्या क्रियेला वेंघणे हाच नेमका शब्द. ताप, नशा व भाव चढतात, वेंघत नाहीत. कारण वेंघण्यास हातपाय लागतात. चढणे कर्म घेते, तरी भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालते : ‘ती जिना चढली’.

वेंघणे मागे पडल्यावर रीतीचा अर्थ धातुसाधितांवर आला. ‘धडपडत चढणे’ यात तोल जाण्याचा, ‘सरपटत चढणे’ यात अंग घासण्याचा, तर ‘रांगत चढणे’ यात गुडघे टेकण्याचा बोध होतो. ‘सरसर चढणे’ याच्या नेमके उलट. परंतु पकडीचा अर्थ यांपैकी एकातही पुरा उतरत नाही. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात योग हा पर्वत कल्पून प्रत्याहाराचा कडा बुद्धीचेही पाय निसटावेत असा वर्णिला आहे. तेथे वैराग्याची नखी हळूहळू रुतते, तेव्हाच साधक वर जातो. चढणे पायांचे, वेंघणे पकडीचे, हा भेद त्या रूपकावरून स्पष्ट होतो.