फायटरच्या डब्यात काय द्यायचं?

शोभेच्या माशांच्या दुकानात एकेका बरणीत एकेकटा ठेवलेला, लांब झुलत्या परांचा मासा पाहिलाय ना? कुणी निळाशार, कुणी लालभडक! तोच बेटा, म्हणजे आपला फायटर. दोन नर एकत्र आले की एकमेकांचे पर फाडतात, म्हणून त्यांना वेगळं ठेवावं लागतं.

आता त्याच्या तोंडाकडे नीट बघा. कसं वरच्या बाजूला वळलंय! असं का बरं?

त्यासाठी थेट थायलंडला जायला हवं. तिथली भातखाचरं, दलदली आणि संथ ओढे हे फायटरचं मूळ घर. थायलंडने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. अशा साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. म्हणून फायटर कल्ल्यांनी श्वास घेतोच, शिवाय वर येऊन हवेचा घोटही घेतो. त्यासाठी त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो. आणि वर आलं की जेवणही तिथंच! पाण्यावर किडे पडतात, पृष्ठभागाला डासांच्या अळ्या लटकलेल्या असतात. वर वळलेल्या तोंडाने तो त्यांना खालून अलगद टिपतो.

म्हणजे फायटर पक्का मांसाहारी. त्याचं आतडं आखूड असतं. पोळी, भात, ब्रेड पचवणं त्याला जमत नाही. म्हणून आपल्या ताटातला घास त्याला प्रेमानेसुद्धा देऊ नका.

मग द्यायचं काय? रोजच्या जेवणासाठी फायटरचे खास दाणे मिळतात. घेताना पाकिटामागची यादी वाचा. सुरुवातीला मासळी किंवा कोळंबी लिहिलेली हवी. गहू आणि सोयाबीन आधी असेल तर ते पाकीट परत ठेवा.

पण रोज तेच ते खाऊन कसं चालेल? रानातला फायटर कितीतरी प्रकारचे जीव खातो आणि प्रत्येकातून त्याला वेगळं काहीतरी मिळतं. त्याच्या खाऊतले हे तीन गमतीदार जीव बघा.

पहिला डॅफ्निया. हा पाण्यातला पिटुकला जीव इतका पारदर्शक असतो, की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं धडधडणारं हृदय दिसतं! त्याच्या कवचाचा चोथा फायटरचं पोट साफ ठेवायला मदत करतो.

दुसरा आर्टेमिया. हा खाऱ्या पाण्यातला कोळंबीचा छोटा भाऊबंद. त्याची अंडी वर्षानुवर्षं कोरडी राहू शकतात, आणि कोमट खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण 24 ते 36 तासांत पिल्लं बाहेर!

तिसरा ब्लडवर्म. ही एका माशीची अळी. चिखलात ऑक्सिजन धरून ठेवायला तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. हो, आपल्या रक्तात असतं तेच! म्हणून ती लाल दिसते. फायटरला ती फार आवडते, पण ती पचायला जड, म्हणून अधूनमधूनच द्यायची.

हे तिन्ही जीव गोठवलेले किंवा सुकवलेले मिळतात. गोठवलेला तुकडा आधी वितळू द्या आणि सुकवलेला खाऊ थोडा वेळ भिजवा. कोरडाच दिला तर तो पोटात जाऊन फुगतो. गटारातल्या अळ्या मात्र आणू नका, त्यांच्याबरोबर रोगजंतू येतात. घरात बादलीत डासांच्या अळ्या तर मुळीच वाढवू नका. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतील आणि डेंग्यूला आमंत्रण मिळेल!

आणखी एक नवल ऐका. लाल-पिवळ्या रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं मासे स्वतः बनवू शकत नाहीत, ती खाण्यातूनच मिळवावी लागतात. आर्टेमिया आणि डॅफ्नियात ती असतात. चमकत्या निळ्या रंगाची गोष्ट वेगळी. तो कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून प्रकाश परतल्यामुळे दिसतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, किती द्यायचं? फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, अशी एक सोपी खूण मासे पाळणारे सांगतात. म्हणून सकाळी दोन-तीन बारीक दाणे आणि संध्याकाळी तेवढेच, बस्स! तो काचेशी येऊन कितीही नाचला तरी जास्त देऊ नका. उरलेला दाणा कुजतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशासाठी विष असतो. म्हणून दोन-तीन मिनिटांत न खाल्लेलं काढून टाका. थंडीत पाणी गार पडलं की त्याचं पचन मंदावतं आणि भूकही कमी होते. 24 ते 28 अंश सेल्सिअसचं पाणी त्याला मानवतं.

आठवड्याचा बेत असा ठेवून बघा:

सोमवार, बुधवार, शुक्रवार: दाणे
मंगळवार: डॅफ्निया
गुरुवार: आर्टेमिया
शनिवार: थोडे ब्लडवर्म
रविवार: उपास

हो, उपास! धडधाकट, मोठ्या फायटरला आठवड्यातून एक दिवस पोटाला विश्रांती मिळाली तर चांगलंच.

घरी फायटर असेल तर एक वही करा. काय दिलं, किती खाल्लं, पोट फुगलं का, रंग कसा दिसतो, हे रोज लिहा. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या पोटाची काळजी तुम्हीच घ्यायची. घ्याल ना?