एकच समुद्र, दोन ऑर्का

समुद्रात ना डोंगर, ना कुंपण. मग शेकडो किलोमीटर पोहणाऱ्या प्राण्यांत वेगळ्या जाती होतात कशा? कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे ऑर्का पाहा. ‘रेसिडेंट’ ऑर्का मासे खातात, त्यातही चिनूक सॅल्मन फार आवडीचा. ‘बिग्ज’ ऑर्का सील मारतात. सीलचे कान तिखट, म्हणून शिकारीच्या वेळी बिग्ज अवाक्षर काढत नाहीत. रेसिडेंटची बडबड मात्र चालूच! पाठीवरचा परही बघा: बिग्जचा टोकदार, रेसिडेंटचा टोकाला गोलसर. पाणी एकच, पण सोयरीक नाही. जनुकांनुसार बिग्जची शाखा दोन-तीन लाख वर्षांपूर्वीच फुटली. २०२४ मध्ये संशोधकांनी या दोन स्वतंत्र जाती मानाव्यात असं सुचवलं. तूर्त उपजातींचा दर्जा मिळालाय. माझ्या मते स्वतंत्र जाती हेच योग्य.