सशाची पिल्लं आणि फिनिक्सचा उन्हाळा



फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै २०२३ असे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सियस) किंवा त्याच्या वर होता, हे तुम्हाला आठवत असेलच. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरी सशाचं बाळंतपण झालं. दुकानदाराने "दोन्ही माद्या आहेत" असं छातीठोकपणे सांगून दिलेल्या लाडू आणि बर्फीपैकी बर्फीने लाँड्री रूममध्ये सहा पिल्लांना जन्म दिला!

लाँड्री रूम गराजला लागून, तिथे ए.सी. जेमतेम पोचतो. पण तान्ह्या बाळाला गुंडाळून ठेवायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी खोक्यावर जाड टॉवेल टाकून ऑफिसला गेलो. संध्याकाळी दोन पिल्लं गेलेली होती. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून जे शिकलो, ते इथे मांडतोय.

पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे बंद असतात. शरीराचं तापमान त्यांना स्वतःला नीट सांभाळता येत नाही, म्हणून आई स्वतःचे केस उपटून घरटं करते. थंडीत हेच घरटं त्यांना वाचवतं, पण उन्हाळ्यात त्याचीच भट्टी होते. त्यात आई दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटं दूध पाजते. मधल्या वेळात अंगातलं पाणी कमी झालं तर भरून काढायला दुसरं काहीच नसतं.

मग ओळखायचं कसं? थंडी वाजली की पिल्लं एकमेकांना चिकटतात आणि हाताला गार लागतात. उकडलं की लांब लांब पसरतात, कातडी लालसर दिसते, काही धापा टाकतात, काही खोक्याबाहेर सरपटतात. पोट गोल म्हणजे दूध मिळालं. पोट खपाटीला आणि कातडी सुरकुतलेली म्हणजे काळजीचं कारण.

उपाय साधे आहेत:

१) घरटं घरातल्या गार खोलीत हलवा. खोक्याला हवेसाठी भोकं हवीत, वर काही झाकू नका.

२) वरचे थोडे केस काढून स्वच्छ पिशवीत ठेवा. रात्री गारवा वाटला तर परत घाला. सगळे मात्र काढू नका.

३) पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवा, फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या बाहेरून टेकवून ठेवा. आईजवळही एक ठेवा.

४) सशांना आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे गरम खोलीत नुसता पंखा फारसा उपयोगाचा नाही. स्वॅम्प कूलरही कोरड्या जूनमध्ये बरा, जुलैत मान्सूनची दमट हवा आली की त्याचा जोर ओसरतो.

५) आईचं पाणी संपू देऊ नका. पाणी तुटलं की दूध आटतं.

६) ओलं गवत रोज बदला. ओलाव्यावर माश्या येतात आणि अळ्या पडतात.

७) पिल्लू तापलं असेल तर गार खोलीत नेऊन साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने हलकेच पुसा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. गाईचं दूधही पाजू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. सगळेच प्राण्यांचे डॉक्टर ससे बघत नाहीत, तेव्हा नंबर आधीच शोधून ठेवा.

"हात लावू नका हो, आई टाकून देईल," असं माझ्या आईने पुण्याहून फोनवर बजावलं होतं. पाळीव सशांच्या बाबतीत तसं होत नाही. स्वच्छ हातांनी दिवसातून एकदा पिल्लं तपासायलाच हवीत. आणि हो, नराला त्याच दिवशी वेगळं करा. मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते आणि साधारण ३१ दिवसांत घरात दुसरं बारसं!

आमची उरलेली चार पिल्लं जगली. दहाव्या दिवशी पहिल्या पिल्लाने डोळे उघडले, तेव्हा लेकीने मला हाक मारून दाखवलं. आठ आठवडे आईजवळ राहून ती चांगल्या घरी गेली. सगळ्यांचं नशीब असं नसतं. ईस्टरला हौसेने आणलेले किती तरी ससे उन्हाळ्याआधीच सोडून दिले जातात. या पुस्तिकेतून जमणारा निधी अशाच प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी आहे. तिथल्या एका खोलीचा ए.सी. नीट चालू राहिला तरी काही जीव वाचतील. टॉवेलची चूक मला परत दुरुस्त करता येणार नाही, पण एवढं नक्की करता येईल. तुम्हीही हातभार लावा, ही विनंती.